थंडीत बदकांची काळजी कशी घ्यायची? (परसातली पाच बदकं, गोठिवली)

गोठिवलीची_सून
नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय. घणसोलीच्या बाजूला गोठिवली गावात आमचं जुनं घर आहे, मागे जेमतेम दीड खोलीएवढं परस. जूनमध्ये सासऱ्यांनी पेणहून ओळखीच्या एकांकडून पाच बदकं आणली, चार माद्या एक नर, खाकी कॅम्पबेल जातीची म्हणून दिली. शेवंती, अबोली, जुई, मोगरा आणि दत्तू. पावसाळाभर नुसता धुमाकूळ. सप्टेंबरपासून अंडी पण सुरू झाली, रोज तीन तरी मिळायचीच.

आता पहाटे गार पडायला लागलं म्हणून ह्यांनी खुराड्याला चारी बाजूंनी निळी ताडपत्री गुंडाळली, आत शंभरचा बल्ब लावला, आणि सर्दी नको म्हणून आंघोळीचा टब उपडा करून ठेवला. तर तेव्हापासून सगळं उलटंच चाललंय. अबोलीच्या डोळ्यात साबणासारखा फेस येतो. शेवंती लंगडते. मोगराची पिसं गळतायत. अंडी दिवसाला एक, काल तेही नाही. सासूबाई म्हणतात थंडी बाधली, सुंठ-गूळ द्या. सासरे म्हणतात दृष्ट लागली. हे म्हणतात अजून एक बल्ब लावू.

कोणी बदकं पाळली असतील तर सांगा ना प्लीज. पाणी कोमट करून द्यायचं का?

सदैव_भुकेला
दृष्ट माझी असणार ताई. धाग्याचं नाव वाचलं आणि थेट वाटणातला गरम मसालाच आठवला. क्षमस्व.

गोठिवलीची_सून
दत्तूच्या पिसाला जरी धक्का लागला ना, तर गाठ माझ्या सासऱ्यांशी आहे.

तिरकस
आज पहाटे आमच्या गॅलरीत १७ दाखवत होतं. १७ ला स्वेटर घालणारे आपण आणि ताडपत्रीत गुंडाळलेली आपली बदकं. चालू द्या.

येऊरवाला
ताई, हे वाचून झालं की फोन खाली ठेवा आणि पहिली ताडपत्री काढा. मस्करी नाही करत.

आमच्याकडे अकरा आहेत, येऊरच्या पायथ्याला, तुमच्यापेक्षा दोन-तीन अंश तरी गारच असेल इथे. पहिल्या वर्षी मी पण हेच शहाणपण केलेलं. सकाळी दार उघडलं तर ताडपत्रीच्या आतून पाणी ठिबकतंय, भुसा चिखल झालेला, आणि वास असा की माझ्याच डोळ्यातून पाणी. बदकाची शिट म्हणजे जवळजवळ पाणीच असतं, वर श्वासातून वाफ निघते ती वेगळी, ते सगळं जाणार कुठे? तुम्ही उद्या पहाटे पाचला एक करा. खुराड्यात डोकं घाला, बदक बसतं तेवढ्या उंचीवर नाक न्या आणि पाच मिनिटं थांबा. उभं राहून वास घेऊ नका, तो वरचा वास. खाली जर डोळे चुरचुरले तर त्यांचे रात्रभर चुरचुरतायत असं समजा.

वारा बसल्या जागी अंगावर येऊ नये एवढं बघायचं, म्हणजे खालचा हातभर आडोसा पुरे. वरचा भाग जाळीचा मोकळा. जाळी मात्र बारीक वेल्डेडची, ती षटकोनी कोंबडीजाळी घूस आणि मुंगूस दोघं फाडतात. आमच्याकडे तर वरून पण पत्रा लागतो कारण बिबट्या येतो :)

पिसारा
येऊरवाल्यांना +१. थोडं पक्षीवाल्याच्या बाजूने.

तुमच्या घरापासून ठाण्याची खाडी किती लांब, पंधरा मिनिटं? आत्ता ऐरोलीच्या बाजूला जाऊन बघा, थापट्या, तलवार बदक, भुवई बदक, सगळे उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडून आलेत ते *थंडी चुकवायला*. आपली थंडी म्हणजे त्यांची मे महिन्याची सुट्टी. आता तुमची खाकी कॅम्पबेल हजारो किलोमीटर सोडा, कुंपणावरून पण धड उडत नाहीत, पण अंगावरचा कोट तोच आहे. बाहेरची पिसं तेलकट, आतली लव सुकी. पायांचं तर अजून भारी आहे, पायात उतरणारं गरम रक्त आणि वर चढणारं गार रक्त शेजारी शेजारी खेटलेल्या नळ्यांतून जातं, त्यामुळे उतरतानाच उष्णता वरच्याला दिली जाते आणि अंगातली ऊब पायांतून वाया जात नाही. म्हणून ती बर्फावर उभी राहू शकतात. गोठिवलीत बर्फ पडला तर धागा परत वर काढू.

फक्त हे तेलकट पिसांचं काम आंघोळीवर चालतं. पाण्यात डुंबायचं, मग शेपटीच्या मुळाशी ग्रंथी असते तिथलं तेल चोचीने अंगभर लावायचं. टब उपडा केलात म्हणजे कोट धुणं-इस्त्री दोन्ही बंद.

अवांतर: रोहित (फ्लेमिंगो) पण आलेत यंदा. खाडीचं अभयारण्य झालं २०१५ ला, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलं २०२२ ला, आणि आमचे शेजारी अजून विचारतात की ते गुलाबी बगळे कुठले.

दिवाळेकर
बदकाचा पानी बंद केला??? कोलनीचा बाजार बंद कराल काय उद्या.

आमची आजी खाडीवर बदकां सोडायची सकाली, संध्याकाली आपोआप लायनीत घरी. कसली ताडपत्री नि कसला बल्ब. दाना म्हंजे भाताची कणी, कोंडा, नि जवल्याचा चुरा. तिसऱ्यांच्या शिंपल्या खलबत्त्यात कुटून बाजूला ठेवायची, पाहिजे ती खाईल. अंड्याची साल अशी की आपटून फोडाला लागायची.

गुरांचा_डॉक्टर
निवृत्त आहे, बदकांपेक्षा म्हशी जास्त पाहिल्यात, तरी विचारतो. फोटो न बघता औषध सांगणारा मी नाही.

पाणी कशात देता, भांडं किती खोल? खुराड्याखाली जमीन कसली? दाणा काय, कधी आणला, कुठे ठेवलाय? अबोलीचे दोन्ही डोळे की एक? नाकपुड्या स्वच्छ आहेत का, श्वासाला घरघर? शेवंतीचा तळपाय उलटा करून बघितलात का? शिट हिरवी आहे का?

बटरस्कॉच
एवढं कशाला, कोंबडीवाले पाण्यात टाकायची पिवळी पावडर देतात ना मेडिकलमधून, ती चमचाभर टाका. आमच्या गावी दोन दिवसांत टुणटुणीत होतात.

गुरांचा_डॉक्टर
ती पिवळी पावडर म्हणजे प्रतिजैविक. रोग कुठला माहीत नाही, वजन माहीत नाही, डोस "चमचाभर". आणि ती अंडी घरातली पोरं खाणार, त्यात औषध उतरतं, किती दिवस अंडी टाकायची तेही कोणी सांगत नाही. नको.

बटरस्कॉच
बरं. आम्ही खाल्ली, अजून जिवंत आहोत.

तिरकस
म्हणूनच प्रतिसाद असे येतात.

वाशी_सेक्टर_१७
कोणी बोलत नाहीये म्हणून मीच विचारते. हे बर्ड फ्लू तर नाही ना? २०२५ च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला झाला होता, घरगुती कोंबड्याच होत्या त्या. भर वस्तीत बदकं ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, राग मानू नये.

कोलशेतकर
राग कशाला, पण गावठाण आधी की टॉवर आधी? आमच्या वाड्यासमोर बिल्डिंग उभी राहिली, लोक राहायला आले, आणि तिसऱ्या महिन्यात आमच्या बदकांच्या आवाजाची तक्रार. त्याच बिल्डिंगीत नवरात्रात डीजे, तो संस्कृती.

वाशी_सेक्टर_१७
मी आवाजाचं बोलतच नाहीये!

गुरांचा_डॉक्टर
बाईंचा प्रश्न चुकीचा नाही, भांडू नका. देशातली पहिली नोंदच आपल्या राज्यातली, नवापूर, फेब्रुवारी २००६. २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात बगळे मरून पडले होते, २०२२ ला शहापूरच्या वेहळोलीत कोंबड्या गेल्या. बदकांचं दुखणं असं की ती वरून ठणठणीत दिसूनही विषाणू वाहू शकतात. म्हणून हिवाळ्यात, स्थलांतरित पक्षी असतात तेवढे महिने, बदकं खाडीवर सोडू नयेत. दिवाळेकर, आजीचा काळ वेगळा होता. दाण्यावर कावळे-बगळे उतरू देऊ नका, खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा, बाहेर फिरलेली आत नेऊ नका.

पण बर्ड फ्लूचं चित्र वेगळं असतं. एकदम दोन-चार मरतात, माना वाकड्या होतात, तोल जातो. एक फेसाळ डोळा आणि एक लंगडा पाय म्हणजे बर्ड फ्लू नव्हे. तशी अचानक मर झालीच तर हात न लावता पशुसंवर्धनला कळवायचं, १९६२ ह्या नंबरवर फोन करायचा. लपवायचं नाही. निदान पक्कं झालं तर एक किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी मारतात, म्हणून लोक लपवतात, आणि लपवल्यानेच ते पसरतं.

गोठिवलीची_सून
बापरे किती प्रतिसाद. आधी डॉक्टरांची उत्तरं देते.

पाणी कोंबडीच्या लाल-पांढऱ्या भांड्यात, ते उलटं करून ठेवतात ना, कडेला दोन बोटं पाणी असतं, ते. खाली कोबा, त्यावर जुन्या टाइल्सचे तुकडे बसवलेत, त्यावर थोडा भुसा. दाणा म्हणजे मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड, ऑगस्टमध्ये दोन गोणी घेतल्या, एक संपली, दुसरी जिन्याखाली. डोळे दोन्ही. घरघर नाही. शिट नेहमीसारखीच. तळपाय बघितला नाही, आत्ता हे आले की धरायला सांगते, एकटीला शेवंती आवरत नाही.

पहाटे पाचला डोकं घातलं खुराड्यात. येऊरवाले दादा, तीन मिनिटांत बाहेर. ताडपत्री काढलीय.

गुरांचा_डॉक्टर
मग बरंचसं कळलं.

डोळा: बदकाला डोळे-नाकपुड्या पूर्ण बुडवून झटकता आल्या पाहिजेत, त्याचं तोंड धुणं तेच. दोन बोटं पाण्यात नुसती चोच ओली होते. वरून शिटेतला अमोनिया, तो डोळे चुरचुरवणारा वास. आज रात्रीपासून घमेलं किंवा बादली कापून ठेवा, डोकं बुडेल इतकी खोल, आणि एक वीट टाका म्हणजे आत पडलेल्याला बाहेर येता येईल. डोळे उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसा. पाच दिवसांत उतार नाही पडला किंवा सूज आली तर प्रत्यक्ष दाखवायचं, परळला पशुवैद्यकीय कॉलेजचं हॉस्पिटल आहेच. आणि दाणा ठेवाल तिथे पाणी हवंच, बदक घास पाण्याबरोबर गिळतं, कोरड्याने घशात अडकतो. पाणी कोमट करायची गरज नाही, ताजं असलं की झालं.

पाय: टाइल्सच्या कडा. बारीक जखम होते, त्यात जंतू जातात, आत गाठ धरते, वर काळी खपली. घरी ब्लेड लावू नका. कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं पाय, कोरडा, जंतुनाशक मलम, आणि खाली चांगला चार बोटं जाड कोरडा भुसा. गाठ मोठी असेल तर डॉक्टरच काढेल.

दाणा: याची मला जास्त भीती वाटतेय. ऑगस्टची शेंगदाणा पेंड, जिन्याखाली, नवी मुंबईच्या दमटात. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पटापट मेले, कशाने ते कळेना, म्हणून रोगाला नाव दिलं टर्की एक्स. शेवटी धागा पोचला शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीपर्यंत, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, हा शब्द आला. त्या साथीत बदकाची पिल्लंही गेली होती, आणि पाळीव पक्ष्यांत बदक याला फार हळवं. कोंबडी खाऊन निभावेल तिथे बदकाचं यकृत जातं. गोणीचा तळ बघा, गठ्ठे झालेत का, हिरवट-पिवळं काही, कुबट वास. असेल तर फेकायचं, उन्हात वाळवून चालत नाही, बुरशी मरते पण विष राहतं. शेजारच्या गाईला पण घालू नका, दुधात उतरतं.

दिवाळेकर
डॉक्टर बराबर बोलतात. पण जवल्याचा काय बोलला नाय तुम्ही?

गुरांचा_डॉक्टर
खारवलेलं सुकं नको. बदकांना मीठ सोसत नाही.

दिवाळेकर
जवल्याला मीठ नाय लावत डॉक्टर, नुसता उन्हात सुकतो. खारा म्हंजे वेगला.

गुरांचा_डॉक्टर
मान्य. समुद्राचा खारेपणा असतोच तरी, म्हणून दोनदा धुऊन, मूठभर. प्रथिनं उत्तम आहेत, पिसं गळताना तीच लागतात.

सदैव_भुकेला
जवळ्यावरून आठवलं, दिवाळेकर, बाजार हल्ली किती वाजता भरतो?

दिवाळेकर
सकाली ये. बदकां घेऊन येऊ नको.

कोलशेतकर
खाण्यावरून माझा एक किस्सा. गेल्या हिवाळ्यात गेटला ग्रिल बसवून घेतलं, कारागीर काम करून गेला. आठवड्याने आमची मोठी मादी बसून राहायला लागली, हिरवीगार शिट, पंख ढिले, चोच जमिनीला टेकवून झोपायची. सगळ्यांचं एकच, थंडी थंडी. आईने तिला गोधडीत घेतलं, मी हळद चाटवली. एका ठिकाणी नेली तर बघणाऱ्याने दुरूनच जीवनसत्त्वाचं टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी एक्सरे काढला तर पोटात पांढरीशुभ्र गोल चकती, मध्ये भोक. वायसर! गॅल्वनाइज्ड. तो जस्ताचा थर पोटात विरघळत होता. चकचकीत दिसलं की बदक गिळणार म्हणजे गिळणार. दुसरे दिवशी मी चुंबक दोरीला बांधून अख्खं अंगण झाडलं, खिळे, तारेचे तुकडे, दोन नट, वाटीभर निघालं. मादी नाही वाचली.

तेव्हापासून कोणी "थंडी बाधली" म्हटलं की मला राग येतो. काहीही झालं की थंडी.

पिसारा
:( वाईट झालं. चुंबकाची आयडिया घेतली.

येऊरवाला
आमच्याकडे सुतार-वेल्डर आला की बदकं दोन दिवस कोंडतो. हे असंच एका शेजाऱ्याचं झालं होतं, तिथे पेपरच्या पिना.

गोठिवलीची_सून
पाच दिवसांनी अपडेट. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत.

गोण ओतली अंगणात. वरची वीतभर ठीक, खाली भाकरीएवढे गठ्ठे, फोडल्यावर आत हिरवट पावडर उडाली. सासरे तरी म्हणत होते चाळून घेऊ, पैसे मोजलेत. मग मी त्यांना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, यकृत शब्दाला गप्प बसले. गोण बांधून कचऱ्यात. नवीन दाणा आता पंधरा दिवसांपुरताच, झाकणाच्या पिंपात, आणि पिंप विटांवर. वरून शेवग्याचा पाला, जवळा दोनदा धुऊन.

शेवंतीच्या तळव्याला ज्वारीच्या दाण्याएवढी काळी खपली होती, डॉक्टर म्हणाले तश्शीच. ह्यांनी धरलं, मी पाय बुडवला, तिने ह्यांच्या शर्टावर काय केलं ते लिहीत नाही. टाइल्स उखडल्या, आता जाड भुसा, वरचा ओला थर रोज सकाळी काढते. अजून थोडी लंगडते पण टबाकडे पळताना विसरते.

टब! तो सरळ केला त्या दिवशी पाचही जणी (दत्तूसकट) एकदम आत घुसल्या, अर्धं पाणी बाहेर. अबोली बुडी मारून वर आली की डोकं झटकायची, परत बुडी, परत झटकायची, वीसएक वेळा तरी. संध्याकाळी फेस कमी, तिसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ. त्या दोन बोटं पाण्याच्या भांड्याची मला लाज वाटतेय.

अंडी मात्र अजून एकच. त्याचं काय?

वाशी_सेक्टर_१७
छान वाटलं वाचून. पण एवढं पाणी उघड्यावर, डास नाही होत?

गोठिवलीची_सून
रोज ओतते हो अळूला. आणि अळ्या व्हायच्या आत ह्याच खातात. अळूची पानं बघायला या, छत्रीएवढी झालीत.

पिसारा
अंड्यांचा थंडीशी संबंध कमी, उजेडाशी जास्त. डिसेंबरात आपल्याकडे दिवस साधारण अकरा तासांचा. अंड्यावरच्या बदकांना चौदा-सोळा तास उजेड लागतो असं मोठ्या फार्मवाले धरतात, म्हणूनच खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते वगैरे आकडे. त्यात मोगरा पिसं बदलतेय, पीस म्हणजे प्रथिनच, दोन्ही कामं एकदम नाही होत.

येऊरवाला
मी पहाटे चारपासून उजाडेपर्यंत साधा पाच वॉटचा एलईडी लावतो, टायमरवर. संध्याकाळी नाही, कारण तो धाडकन बंद झाला की अंधारात एकमेकींवर चढतात. फरक पडतो, दोन-तीन आठवडे लागतात.

कोलशेतकर
मी नाही लावत. दोन महिने विश्रांती घेऊ दे की. फेब्रुवारीत आपोआप सुरू होतात.

येऊरवाला
तुझ्याकडे अंड्यांची गिऱ्हाईकं नाहीत म्हणून विश्रांती.

कोलशेतकर
गिऱ्हाईकांना सांगतो, बदक रजेवर आहे.

गुरांचा_डॉक्टर
दोन्ही चालतं. फक्त एलईडी, शंभरचा बल्ब नको, भुसा आणि बल्ब एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण. आणि डक प्लेगची (बदकांचा साथीचा रोग) लस झालीय का ते पेणवाल्यांना विचारा. झाली नसेल तर आसपासच्या पाळणाऱ्यांनी मिळून घ्या, मोठ्या बाटलीत येते, एकदा कालवली की लगेच संपवावी लागते, पाच बदकांसाठी कोणी फोडत नाही.

येऊरवाला
माझी अकरा धरा.

कोलशेतकर
सात.

दिवाळेकर
चुलत्याची वीस हायत. विचारतो.

बटरस्कॉच
धागा वाचून उत्साहात बायकोने रविवारी चार पिल्लं आणली, आठवड्याची आहेत. त्यांना पण ताडपत्री-बल्ब नको ना?

गुरांचा_डॉक्टर
थांबा! पिल्लांना बल्ब हवाच. त्यांची लव पाणी अडवत नाही अजून, टबात पण सोडू नका. पहिला आठवडा ३२ अंशांच्या आसपास, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लं बघा, बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर गार, भिंतीला चिकटून चोच उघडी टाकत असतील तर गरम, पसरून झोपली असतील तर बरोबर. बल्ब साखळीने टांगा, वायरवर लटकवू नका, भोवती जाळीची टोपी. आणि कोंबडीच्या पिल्लांचाच दाणा देणार असाल तर वरून ब्रुअर्स यीस्ट टाका, त्यात नायसिन (एक ब जीवनसत्त्व) असतं, बदकांना ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं, नाही मिळालं की पाय फेंगडे होतात. आणि पिवळी पावडर नाही.

बटरस्कॉच
नाही टाकत डॉक्टर. बल्ब ६० चा की १०० चा? आमच्याकडे दुकानात सगळे एलईडीच आहेत.

गोठिवलीची_सून
शंभरचा आमचा पडून आहे, होल्डर-वायरसकट. घणसोली स्टेशनला उतरा, हे आणून देतील.